आंशिक अपूर्णांकांचा उन्हाळा

एप्रिल सरत आला की तांबरम स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांतला हिरवा उजेड दिवसभर काचेखालून सरकत राहतो. पोरं रांगेत उभी असतात, हातात दुसऱ्याच्या वह्या. स्वतःच्या वहीची झेरॉक्स काढायला आलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. पलीकडे ताडगोळ्यांच्या गाड्या लागतात, त्यांच्यावर ओलं गोणपाट. कॉलेजच्या बसमध्ये शेजारी बसलेला मेकॅनिकलचा प्राध्यापक डोळे न उघडता विचारतो, "ड्यूट्या किती आल्या, सार?" मी सांगतो, अकरा. "मला चौदा," असं म्हणून तो पुन्हा झोपतो. परीक्षांचा मोसम सुरू झाल्याचं आम्हाला असं कळतं. पंचांगात तो नाही.

पर्यवेक्षण म्हणजे तीन तास काहीही न करणं, आणि ते करताना दिसणं. खुर्ची असते, पण बसायचं नसतं. पंखा असतो, पण तो वर्गाच्या मध्यावर असतो, आणि मध्यावर उभं राहिलं की मुलांना वाटतं आपल्याच पेपरात बघताहेत. मग मी भिंतीला टेकून उरलेली एक प्रश्नपत्रिका वाचतो. यंदा पहिल्याच दिवशी गणिताचा पेपर आला, आणि त्यात तो प्रश्न होताच: वर एक साधी पदावली, खाली दोन गुणक, पुढे dx. सोडवा. पंचवीस वर्षांत आकडे बदलले, प्रश्न बदलला नाही. देवळातल्या नैवेद्यासारखा तो ठरलेला आहे. मला मात्र तो वाचला की एकच उन्हाळा आठवतो, आणि आठवला की थकायला होतं. वाईट आठवण आहे म्हणून नव्हे. काही चांगल्या आठवणीही चार जिने चढून आल्यासारख्या येतात.

आंशिक अपूर्णांक हे प्रकरण खरं तर साधं आहे. शाळेत आपण मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवतो. छेद सारखे करा, वर बेरीज करा, सगळ्याचा मिळून एकच अपूर्णांक लिहा, शाबास. मग काही वर्षांनी तसलाच एकजीव झालेला अपूर्णांक त्यांच्यापुढे ठेवून आम्ही म्हणतो, आता हा कोणकोणत्या तुकड्यांचा झाला होता ते सांगा. कारण अख्ख्याचं इंटिग्रेशन येत नाही, तुकड्यांचं येतं. प्रत्येक तुकडा मुकाट्यानं एकेक लॉगॅरिदम होऊन बाजूला बसतो. म्हणजे आठ-दहा वर्षं शाबासकी देऊन जे जोडायला शिकवलं, ते सोळा मार्कांसाठी सुटं करायला लावायचं. मुलांना हे प्रकरण आवडत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

आमच्या कॉलेजात एका समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी यावर भाषण केलं होतं. गेटपासून स्टेजपर्यंत त्यांचे फ्लेक्स होते, प्रत्येकावर ते वेगळ्या दिशेनं बघत होते. त्यांना रेशमी शाल पांघरली गेली, मग दुसऱ्या कुणी दुसरी, मग तिसरी. मे महिन्यात तीन शालींखालून ते म्हणाले, "आयुष्य हेही आंशिक अपूर्णांकांसारखंच आहे. मोठ्या समस्येचे छोटे तुकडे करा." टाळ्या झाल्या. शेजारच्या प्राध्यापकाला मी म्हटलं, काही छेदांचे वास्तव संख्यांत तुकडेच होत नाहीत, ते यांना कुणी सांगितलं नाही का? तो म्हणाला, "सार, शाल तुम्हाला मिळणार नाही, त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका."

तर तो उन्हाळा.

आम्ही वेलचेरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्यावर वेंकटराव राहतात, तंजावरकडचे, महसूल खात्यातले निवृत्त कारकून. मी साताऱ्याहून आलेला, त्यामुळे त्यांना माझं मराठी छापील वाटतं. "तुमचं मराठी पेपरातलं हो," ते जिन्यात गाठून म्हणायचे. "वाचायला बरं. बोलायला आमचं." त्यांच्या मराठीत तीनशे वर्षांपूर्वीची क्रियापदं आणि कालची तमिळ शेजारी शेजारी बसतात आणि भांडत नाहीत. त्यांच्या दारावर पितळी पाटी आहे. वर त्यांचं नाव, पुढे बी.कॉम.; खाली मुलीचं, जयंती, पुढे बी.ई. इथे पदवी नावाचाच भाग असते. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आत्याच्या यजमानांची पदवीसुद्धा छापतात, आणि ज्याला नाही त्याच्या नावापुढची मोकळी जागा डोळ्यांत भरते.

जयंती तेव्हा एक्केचाळीसची. ओरगडमला ट्रकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. पहाटे पावणेसहाला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. जिन्यात तिच्या सेफ्टी शूजचा आवाज आला की माझी बायको म्हणायची, "उठा, घड्याळ गेलं खाली."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आमच्याकडे आली, बसली नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "सार, तुम्ही मॅथ्स टू शिकवतां कीं?"

"शिकवतो. कुणाला हवंय?"

"मला." मग आवाज उतरवून, "एक अरियर आहे."

अरियर म्हणजे राहिलेला विषय. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडी हा शब्द सर्दीसारखा असतो: कुणाला एक, कुणाला सात, होऊन जाते बरी. पण पाटीवर बी.ई. असलेल्या बाईच्या तोंडी तो ऐकून माझी बायको गॅसकडे वळली आणि कारण नसताना तो बारीक केला.

गोष्ट अशी होती. कॉलेज संपलं तेव्हा जयंतीचा हा एक पेपर राहिला. नोकरी 'कोर्स पूर्ण' एवढ्या दाखल्यावर लागली. पुढे तिनं तो पाच वेळा दिला आणि पाचही वेळा तो राहिला. पहिल्या वेळीच वडिलांना 'झालं' म्हणून सांगून टाकलं होतं, कारण ते दारात हातात पेढे घेऊन उभे होते. पाटी त्याच आठवड्यात आली. मग धाकट्या भावाच्या लग्नपत्रिकेत ती दोन अक्षरं छापली गेली. आणि आता कारखान्यात नवी माणसं आली होती, त्यांनी सगळ्यांच्या पदव्यांचे दाखले मागितले होते, जूनपर्यंत. दाखला नाही तर इन्स्पेक्शनमधून परत लाइनवर, पोरींबरोबर उभं राहून नट आवळायला. विद्यापीठानं जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची म्हणून एक संधी दिली होती. पेपर एप्रिलच्या शेवटी.

"लाइनवर जायाचं काय नाही सार," ती म्हणाली. "पाय दुखतील, दुखूं देत. पण अप्पांना सांगायला लागेल कां गेले तें."

तेव्हापासून रोज पहाटे पावणेपाचला ती यायची. वेंकटरावांना वाटायचं लेक फिरायला जाते. वही भाजीच्या पिशवीत, तिच्यावर कोथिंबिरीऐवजी दुपट्टा. पाऊण तास. आमच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला आदल्या रात्रीचं धुतलेलं भांडं उपडं, दुसऱ्या बाजूला लाप्लासची गणितं. बायको कॉफीचं डिकॉक्शन उतरवत असायची आणि मधूनच म्हणायची, "माझ्या माहेरी पहाटे काकडआरती असायची."

मॅट्रिक्स आले, व्हेक्टर आले. इंटिग्रेशन येईना. पाची वेळा ती तिथेच अडकली होती. छेदाचे गुणक पाडायची, A आणि B मांडायची, मग दोन्ही बाजू गुणून, सारख्या घातांकांचे सहगुणक जुळवून समीकरणं लिहायची, आणि चौथ्या ओळीत कुठेतरी एक वजा चिन्ह जिन्यात घसरल्यासारखं घसरायचं. मग पुढची सगळी पानं नीटनेटकी आणि चूक. वेळ थोडा होता. एका पहाटे मी कंटाळून म्हटलं, हे सगळं सोड. अंगठा ठेव.

उदाहरण अजून आठवतं. वर x अधिक सात. खाली दोन कंस: x उणे एक, आणि x अधिक तीन. पहिल्या कंसावर अंगठा ठेवायचा. ज्या किमतीला तो कंस शून्य होतो, ती किंमत, म्हणजे एक, उरलेल्या सगळ्यात घालायची. वर आठ, खाली चार. दोन. झाला पहिला तुकडा. मग दुसऱ्या कंसावर अंगठा, उणे तीन घाला: वर चार, खाली उणे चार. उणे एक. संपलं. दोन समीकरणं नाहीत, चार ओळी नाहीत, वजा चिन्हाला घसरायला जागाच नाही.

तिनं वहीवर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला. नखाखाली ग्रीसची बारीक काळी रेघ होती, जी इन्स्पेक्टरच्याही नखाखालून जात नसावी.

"गिअरबॉक्समध्यें आवाज येत असला कीं आम्ही असंच करतों," ती म्हणाली. "एकेक भाग दाबून धरायचा. जो दाबल्यावर आवाज थांबतो, चोर तो."

मी पंचवीस वर्षं हे शिकवतो आहे. मला असं सांगता आलं नव्हतं.

मग मार्चभर ती झपाट्यानं पुढे गेली. काही छेदांत तोच गुणक दोनदा येतो, तिथे नुसता अंगठा पुरत नाही, एक स्थिरांक हातानं काढावा लागतो. तेही तिला जमलं. कैरीच्या दिवसांत एका पहाटे वेंकटराव दूध घेऊन वर जाताना आमच्या दाराशी थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, "जयंती इथें कशी?" बायको म्हणाली, "लोणच्याचं प्रमाण विचारायला आली." वेंकटराव मला म्हणाले, "विचारूं दे. इंजिनीर झाली म्हणून लोणचं येतें असं नव्हे." जयंती सेफ्टी शूजची नाडी बांधत खाली बघत राहिली. ती आधीच बांधलेली होती.

खोटं बोलायची सवय नसलेली तीन माणसं एका टेबलाशी बसली की फार थकायला होतं. मी तिला एकदा म्हटलंही, सांगून टाक त्यांना, म्हातारा माणूस आहे, रागावेल आणि विसरेल. ती म्हणाली, "रागावले तर बरं होईल सार. ते रागावणार नाहींत. ते पाटी काढून पुसून परत लावतील, आणि बोलणार नाहींत."

पेपर झाला त्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली. चेहऱ्यावरून काही कळेना. "तो सोळा मार्कांचा आला सार," ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्यानं. दहा मिनिटांत उत्तर आलं." मी बरं म्हटलं. ती वर गेली, आणि मी किल्ली हातात धरून दाराबाहेरच उभा राहिलो.

कारण मी तिला पायऱ्या शिकवल्याच नव्हत्या.

आमच्या परीक्षेत उत्तराला मार्क नसतात, पायऱ्यांना असतात. मांडणीला इतके, 'x बरोबर एक ठेवून' या ओळीला इतके, स्थिरांकांना इतके. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरांचा छापील तक्ता असतो, त्याला आम्ही 'की' म्हणतो. त्या तक्त्यात अंगठ्याला रकाना नाही. ज्या पेपरांत स्थिरांक एकदम आभाळातून पडल्यासारखे लिहिलेले असत, त्यांना मी स्वतः सोळापैकी चार दिलेले आहेत. तीनही दिलेले आहेत. बावीस वर्षं. मनाला काही लागलं नाही. लागायला वेळ नसतो, पुढचा गठ्ठा येतो. आणि टेबलाशी, पहाटे, मी तिला फक्त अंगठा ठेवायला शिकवलं होतं. मला स्वतःला उत्तराशी मतलब होता. विद्यापीठाला नसतो, हे मीच विसरलो. दुसऱ्या दिवशी तिला विचारता आलं असतं की बाई, पायऱ्या लिहिल्यास ना? पण पेपर देऊन झाल्यावर असं विचारणं म्हणजे गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवरून 'तिकीट घेतलंस का' म्हणून ओरडणं. मी विचारलं नाही.

मे महिन्यात पेपर तपासणीचं शिबिर लागलं. कत्तिरीचे दिवस, म्हणजे उन्हाळ्याचे इथले सगळ्यात कडक तीन-साडेतीन आठवडे. शहरातल्या एका कॉलेजचा मोठा हॉल, लांब बाकं, तपकिरी कागदाचे गठ्ठे, ताकाच्या पिशव्या, आणि घामानं लाल शाई हाताला लागलेले शे-दीडशे गणिताचे शिक्षक. पेपरांवर नावं नसतात, खोटे क्रमांक असतात. जयंतीचा पेपर कुठल्या बाकावर जाईल, कुणालाच कळणार नव्हतं. पहिल्या सकाळी कीवर चर्चा असते. चर्चा म्हणजे मुख्य परीक्षक की वाचून दाखवतात आणि आम्ही टिफिनची वाट बघतो. त्या वर्षीच्या मुख्य परीक्षक साठीच्या घरातल्या, कापडी पंख्यानं वारा घेणाऱ्या एक बाई होत्या. बाई त्या प्रश्नाशी आल्या आणि मी हात वर केला.

हॉलमध्ये हात वर झालेला बघून लोक वळले. मी म्हटलं, काही मुलं गुणक झाकून स्थिरांक थेट काढतात. पद्धत बरोबर आहे. त्यांना पूर्ण मार्क द्यावेत.

"पायऱ्या नाहीत, तर मार्क नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही किती वर्षं येताय शिबिराला?"

"बावीस."

"बावीस वर्षं काय दिलेत अशा पेपरांना?"

"चार. कधी तीन."

"मग आज काय झालं, सार?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं. ते दिलं असतं तर मला शिबिरातून घरी पाठवलं असतं, आणि योग्यच केलं असतं. मी म्हटलं, "कंटाळा आला."

मागून कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "अम्मा, सरी म्हणा, हो म्हणून टाका, इडली थंड होतेय." बाईंनी पंखा थांबवला. मग म्हणाल्या, "मलाही आलाय. लिहून घ्या. स्थिरांक थेट लिहिले आणि बरोबर असले तर पूर्ण द्या. एक जरी चुकला तरी शून्य, मधलं काही नाही." आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

शिबिराच्या पंधरवड्यात माझ्या बाकावर असे पेपर बरेच आले. कुठून कुठून आलेली मुलं, कुणी झाकायला शिकवलं होतं देव जाणे. बरोबर होते त्यांना मी सोळा दिले, आणि प्रत्येक वेळी वाटलं, हा असेल. आठ-दहा वेळा वाटल्यावर तेही वाटेनासं झालं. काही पेपरांत एक वजा चिन्ह चुकलेलं होतं. जुन्या कीनं त्यांना चार मिळाले असते, माझ्या दुरुस्तीनं शून्य मिळालं. तेही मीच लिहिलं. उपकार करायला निघालेल्या माणसानं कुणाचं काय गेलं ते मोजू नये म्हणतात. मला मोजावं लागलं, कारण बेरीज पेपरावरच करायची असते.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला, सकाळी दहाला. कारखान्यात फोन गेटवर जमा करतात, म्हणून जयंतीनं आपला नंबर आणि जन्मतारीख एका चिठ्ठीवर मला लिहून दिली होती. संकेतस्थळ तीनदा बंद पडलं. चौथ्यांदा उघडलं. तिच्या नावापुढे एकच विषय होता, आणि त्यापुढे एकच आकडा.

आता पुढचे पाच तास ही गोष्ट फक्त मला माहीत होती. कारखान्यात फोन करून बोलावून घ्यावं, तर कारण काय सांगायचं? वरच्या मजल्यावर जाऊन सांगावं, तर तिथे ती सतरा वर्षांपूर्वीच सांगून झाली होती. बायको म्हणाली, "जेवून घ्या." मी जेवलो. मग पंख्याखाली बसून राहिलो. वर वेंकटरावांचा रेडिओ चालू होता. सव्वातीनला मी छत्री घेऊन कोपऱ्यावर गेलो आणि शेअर ऑटोवाल्यांना हातानं नको नको म्हणत उभा राहिलो.

बस आली. ती उतरली, मला पाहिलं आणि तिथेच थांबली. मागून उतरणारी बाई तिला धडकली.

"त्रेपन्न," मी म्हटलं. पास व्हायला पन्नास लागत.

आम्ही चालायला लागलो. बोलायला काहीतरी हवं म्हणून, मी तिला शिबिरातली गोष्ट सांगितली: पायऱ्या, की, हात वर केला, बाई, इडली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण सार, मी तर सगळ्या पायऱ्या लिहिल्या."

"अंगठ्यानं केलंस म्हणालीस."

"उत्तर अंगठ्यानं काढलं. मग मागून लांबचं सगळं लिहिलं. उत्तर माहीत होतं, मग कुठें घसरलं तें लग्गेच कळतें." तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं, ड्रॉइंग उलटं धरलेल्या नव्या मुलाकडे बघावं तसं. "सार, इन्स्पेक्शनमध्यें नुसतं मोजून चालतें कीं? आधी मोजायचं, मग रिपोर्ट भरायचा. रिपोर्ट नाहीं तर मोजलंच नाहीं."

मी हो म्हटलं. बावीस वर्षांत एकदा वर केलेला माझा हात तिच्या काही कामाचा नव्हता. बरं वाटलं. थोडं नाहीही वाटलं.

जिन्यात गारवा होता. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराशी, ती थांबली. वर चपलांचा आवाज झाला आणि वेंकटराव कठड्यावरून वाकले. "कां गं उशीर?"

"बस उशिरा आली अप्पा."

"नेहमींचंच. ये, जेवण वाढतों." चपला आत गेल्या.

ती गेली नाही. एका हातानं कठडा धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "सार, किती तें अजून एकदा सांगा."

मी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाणार नाही, इतक्याच आवाजात.